ऑर्विल टॅट्रोचा कोट

ऑर्विल टॅट्रोचा कोट धुवायचा नसतो, हे नॉर्थ कव्हर्ली गावात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. लिनेटला ते कुणी सांगितलं नव्हतं, एवढीच काय ती चूक. तीन वर्षांपूर्वी ती ऑर्विलच्या मुलाशी, ग्लेनशी, लग्न करून या घरात आली. गावचं टपाल वाटायला ती रोज साठ मैल गाडी हाकते, कुणाच्या दारात कोणता कुत्रा बसतो हे तिला तोंडपाठ आहे. पण घरातल्या गोष्टी घरातले लोक सांगत नाहीत. सगळ्यांना माहीतच असतील असं ते धरून चालतात.

कोट लाल-काळ्या चौकड्यांचा, जाड लोकरीचा, गुडघ्याच्या वर चार बोटं येणारा. वर्षभर तो मागच्या शेडमध्ये फरच्या झाडाच्या डहाळ्यांत टांगलेला असायचा आणि हरणांचा हंगाम आला की नोव्हेंबरात खाली उतरायचा. त्याला धूर, फर, बंदुकीचं तेल, आणि चाळीस वर्षं तो घालणारा ऑर्विल, असा सगळ्यांचा मिळून एक वास होता. त्या ऑक्टोबरात ऑर्विलला न्यूमोनिया झाला. आठ दिवस हॉस्पिटलात काढून तो घरी आला. त्याची बायको बर्नीस नोव्हेंबरात दरवर्षी फ्लॉरिडाला बहिणीकडे जाते. थंडी आणि शिकारी, दोन्ही तिला नको असतात. तेव्हा म्हाताऱ्याचं सगळं लिनेटच्या अंगावर पडलं आणि तिने ते मनापासून केलं. हंगाम उघडायला चार दिवस उरले असताना तिने शेडमधून कोट आणला. खिशात उंदराने घर केलेलं. तिने उंदराचं घर बाहेर फेकलं, कोट मशीनमध्ये टाकला, पाणी चांगलं कढत लावलं, साबण दुप्पट घातला, आणि मग ड्रायरमध्ये दोनदा फिरवला. दुसऱ्यांदा, कारण पहिल्यांदा आतून ओलसर लागला.

ड्रायरचं दार उघडून तिने कोट बाहेर ओढला तेव्हा तिला क्षणभर वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा आहे. बाह्या तिच्या मनगटापर्यंत आल्या होत्या. ऑर्विल सव्वासहा फूट उंच, खांदे दारात अडकणारे. त्याची मूठसुद्धा त्या बाहीतून गेली नसती. लिनेट कपड्यांच्या टोपलीवर बसली आणि कोट मांडीवर घेऊन ओढून बघू लागली. ढिम्म हलला नाही.

लपवावा असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण चार दिवसांनी कोट मागितला जाणारच होता. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तिने तो ऑर्विलच्या बशीशेजारी ठेवला.

"ऑर्विल, मी तुमचा कोट धुतला," ती म्हणाली. "आणि तो असा झाला."

ग्लेनने हातातलं डोनट खाली ठेवलं. ऑर्विलने कोटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कॉफी संपवली, कप स्वतः विसळला.

"मग या वर्षी नाही," एवढंच म्हणून तो खोलीत गेला.

"नाही कसं?" ग्लेन मागून ओरडला. "तो शिकारीचा नवा सूट आहे ना! मी दिलेला! दोन नाताळ झाले, अजून किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नाहीत त्याची!"

दार लागलं. ग्लेन बायकोकडे वळला. "चौपन्न हंगाम. एक चुकवला नाही त्यांनी. माझा जन्म झाला त्या दिवशीसुद्धा डोंगरातच होते."

"हे मला मदत म्हणून सांगतोयस का?" लिनेट म्हणाली.

त्या नव्या सुटाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. तो पाच थरांचा होता, प्रत्येक थराला औषधासारखं नाव. पाऊस आत येणार नाही, घाम बाहेर जाईल, माणसाचा वास हरणाला कळणार नाही, असं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं. अठरा चेनी होत्या, मी मोजल्या आहेत. वर ओकच्या पानांचं चित्र छापलेलं. आमच्या डोंगरात मॅपल, बर्च आणि फर, ओक औषधालाही नाही. ग्लेनने तो दिला त्या नाताळला ऑर्विल म्हणाला होता, "इथल्या हरणांनी ओक कधी पाहिला नाही. हे कसलं झाड म्हणून बघायला तरी येतील." आणि खोकं पलंगाखाली सारलं होतं. लोकांनी त्याला हट्टी म्हटलं. म्हणोत. नवं म्हटलं की नाक मुरडणारे म्हातारे आमच्याकडे पैशाला पासरी आहेत, पण ऑर्विल त्यातला नव्हता. तो कशालाही नाक मुरडण्याआधी ते उघडून आत काय आहे ते बघणारा माणूस. बर्नीसचा टोस्टर त्याने तीनदा उघडला होता, आणि तिन्ही वेळा तो बिघडलेला नव्हताच.

दुपारी मर्ल शटलिफ आला, ऑर्विलचा कॅम्पातला, म्हणजे डोंगरातल्या शिकारीच्या झोपडीतला, पन्नास वर्षांचा सोबती. दारातूनच म्हणाला, "काय रे, मेलास का?"

"कोट गेला," आतून आवाज आला.

"मग माझा घे."

"तुझ्या कोटात मी जाईन, पण तुझा वास सहन व्हायचा नाही."

विनोद होता, पण खोलीचं दार उघडलं नाही. मर्ल स्वयंपाकघरात आला, टेबलावरचा कोट उचलून त्याने उलटसुलट केला आणि लिनेटकडे बघून मान हलवली. "पोरी, याच्यापेक्षा तू त्याचा ट्रक जाळला असतास तर चाललं असतं." तो वाईट माणूस नाही. पण लिनेटला रात्रभर तेच वाक्य ऐकू येत राहिलं. न्यूमोनियातून उठलेला माणूस, त्याला नोव्हेंबरचीच काय ती आशा, आणि ती आपण दुप्पट साबण घालून धुऊन काढली. एक हंगाम घरी बसलेला म्हातारा दुसऱ्या हंगामाला उठत नाही, हे तिने टपाल वाटताना घरोघरी पाहिलं होतं.

शुक्रवारी ती कामावरून लवकर आली. स्वयंपाकघरात नळ चालू होता. ऑर्विल सिंकपाशी पाठमोरा उभा, हातात कप, आणि तो कपाने कोटावर पाणी ओतत होता. पाणी लोकरीवर थेंबाथेंबांनी उभं राहत होतं आणि घरंगळून खाली जात होतं.

"पाणी किती गरम होतं?" मागे न वळताच त्याने विचारलं.

"ऑर्विल, मला खरंच—"

"किती गरम, ते विचारतोय."

"सगळ्यात गरम."

"साबण?"

"दुप्पट."

"किती वेळ?"

"एक तास. मग ड्रायर दोनदा. पन्नास-पन्नास मिनिटं."

ऑर्विलने टपालाच्या पाकिटाच्या पाठीमागे ते लिहून घेतलं. लिनेटला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्याचे डोळे तीन दिवसांत पहिल्यांदाच जागे दिसत होते.

"बस," तो म्हणाला. "मी लोकरीच्या गिरणीत काय करायचो, माहीत आहे तुला?"

"कापड विणायचात."

"विणायच्या बायका. मी कुटाईत होतो. विणलेलं लोकरीचं कापड कढत साबणाच्या पाण्यात कुटायचं, म्हणजे ते आटतं, दाट होतं. एकतीस वर्षं. माझं काम काय, तर थांबवणं. कापड आटायला लागलं की थांबत नसतं, आपण थांबवावं लागतं. दर दहा मिनिटांनी पट्टी लावायची, रुंदी आली की यंत्र बंद. एकदा मी बंद करायला विसरलो."

"विसरलात?"

"विसरलो म्हणजे विसरलो नाही." त्याने दाराकडे पाहिलं, जणू मुकादम अजून तिथे उभा होता. "मला बघायचं होतं, अजून दहा मिनिटं सोडलं तर काय होतं. कापडाचा एक अख्खा ताका चार बोटं अरुंद झाला. मुकादमाने माझा उद्धार केला. ताका विकायच्या लायकीचा नाही म्हणून आम्हा कामगारांतच वाटून टाकला. माझ्या वाटणीचं कापड बर्नीसने शिवलं. तो हा कोट."

लिनेट तशीच बसून राहिली. तिला वाटत होतं की हलली तर तो थांबेल.

"त्यानंतर जन्मभर मला एकच वाटत राहिलं," ऑर्विल म्हणाला, "की अजून सोडलं असतं तर? मुकादम सोडणार नव्हता. गिरणी बंद पडली. आणि तू एकशेसाठ मिनिटं सोडलंस." त्याने कोट तोंडाला लावला आणि गाल फुगवून फुंकर मारली. "फुंक."

तिने फुंकलं. भिंतीवर फुंकल्यासारखं झालं, हवा पलीकडे गेलीच नाही.

मग त्याने पलंगाखालून खोकं ओढून आणलं आणि ग्लेनचा सूट बाहेर काढला. त्यावर पाणी ओतलं. तेही घरंगळलं, तसं त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. त्यातूनही फुंकर गेली नाही. "चांगलं कापड आहे," तो म्हणाला, आणि हे त्याने ग्लेनसमोर का म्हटलं नाही कोण जाणे. "आता डोळे मीट."

लिनेटने डोळे मिटले. कानापाशी श्विप, श्विप असा आवाज झाला. चिप्सच्या पाकिटात उंदीर शिरावा तसा.

"हे काय?"

"सूट."

"आणि हे?"

काहीच ऐकू आलं नाही. ती वाट बघत राहिली. "अहो, सुरू करा ना."

"कधीचा घासतोय," ऑर्विल म्हणाला.

तिने डोळे उघडले. कोटाची एक बाही दुसरीवर घासत तो उभा होता आणि त्याचा चेहरा टोस्टर उघडतानाचा होता. "आधीही शांत होता. पण इतका नाही. हा डोंगरात बघायला हवा. मला तर होत नाही." त्याने तिच्या खांद्यांकडे पाहिलं, शिंपी बघतो तसं. "घाल बघू."

कोट तिला नेमका बसला. जरा जड, खांद्याला ताठ, पण नेमका.

"आठवीत शिकारीचा वर्ग केला होतास ना?"

"सगळेच करतात. मी कधी गेले नाही."

"दुकान सहापर्यंत उघडं असतं. परवाना काढून आण. माझी लोकरीची विजार घे, पट्ट्यांनी वर बांध. आतून काय घालतेस ते तुझं तू बघ."

"आणि तुम्ही काय घालणार?"

ऑर्विलने सुटाकडे पाहिलं. जन्मभर नाकारलेल्या औषधाकडे बघावं तसं पाहिलं. "ग्लेनला सांगू नकोस. त्याला कॅम्पात गेल्यावर कळू दे."

कळलं तेव्हा ग्लेन कॅम्पाच्या दारात लोटपोट हसला. मर्लने तर चष्मा पुसला. ऑर्विल चालत आला की आधी आवाज यायचा, मग ऑर्विल. बसताना श्विप, उठताना श्विप, खिसा उघडायचा तर चिकटपट्टी अशी फाडल्यासारखी वाजायची की स्टोव्हजवळचा कुत्रा उठून बसायचा. "पाच थरांचा माणूस आला रे," मर्ल म्हणायचा. ऑर्विल गुमान घेवड्याची उसळ खात होता. आमच्याकडे ती डुकराची चरबी आणि मॅपलचा पाक घालून रात्रभर मुरवतात. लिनेट मात्र भिंत बघत होती.

कॅम्पाच्या त्या भिंतीवर शर्टांच्या शेपट्या ठोकलेल्या आहेत. हरणावर नेम धरून चुकलात, तर संध्याकाळी सगळ्यांसमोर तुमच्या शर्टाची मागची शेपटी कापली जाते, आणि नाव-साल लिहून भिंतीवर जाते. सगळ्या लोकरीच्या, हिरव्या, करड्या, चौकड्यांच्या. मारलेल्या हरणांची शिंगं बाहेर ओसरीत असतात. आत जागा चुकलेल्यांना. सात शेपट्या ऑर्विलच्या होत्या, सगळ्यांत जास्त.

"पाहुण्यांचीही कापता?" लिनेटने विचारलं.

"छे," मर्ल म्हणाला. "पाहुण्यांना कॉफी देतो आणि घरी पाठवतो."

शनिवार, रविवार असेच गेले. सोमवारी पहाटे बर्फ पडलं, घोट्याएवढं, मऊ. ऑर्विलने लिनेटला दोन टेकड्यांमधल्या खिंडीत नेलं आणि एका जुन्या फरच्या बुंध्याशी बसवलं. दोघांच्या डोक्यांवर नारिंगी टोप्या.

"मी खालच्या दलदलीला वळसा घालून येतो," तो कुजबुजला. "या कपड्यांत मला हरीण दिसणं शक्य नाही, पण सगळ्या हरणांना मी ऐकू येईन. ती माझ्यापासून दूर सरकतील. कदाचित इथून. माझा आवाज जिकडून येतो तिकडे नळी वळवायची नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि मला एकच सांगायचं संध्याकाळी. किती पावलांवर आलं."

तो गेला. श्विप, श्विप, बराच वेळ ऐकू येत राहिलं. मग ते थांबलं, आणि लिनेटला कळलं की आता आवाजच नाही. तिने दंड हलवून बघितला. नाही. बर्फ बाहीवर पडत होतं आणि न वितळता तिथेच बसत होतं. आत ऊब होती. काळ्या टोपीचा एक इवलासा पक्षी आला, फांदीवर बसला, मग सरळ तिच्या गुडघ्यावर उतरला, लोकर चोचीने ओढून बघितली आणि गेला. तिला हसू आलं. रोज साठ मैल ती या झाडांच्या कडेकडेने जात होती, रेडिओ लावून. पाच दिवसांपूर्वी एका कोटासाठी माणूस का रुसतो हे तिला कळत नव्हतं. आता कळलं, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, कारण हे ऐकायला तो स्वतः इथे हवा होता.

दूर खाली पुन्हा श्विप ऐकू आलं. आणि डावीकडच्या फरच्या लहान झाडांच्या दाटीतून नर बाहेर आला.

तो धावत नव्हता. तीन पावलं टाकायचा, थांबायचा, मान वळवून दलदलीकडे कान लावायचा. त्याचं सगळं लक्ष त्या आवाजावर होतं. लिनेट त्याच्यासाठी नव्हतीच. शिंगांवर सालीचे तुकडे अडकलेले तिला दिसले, नाकातली वाफ दिसली. तिने बंदूक उचलली. बाही कोटाच्या छातीवर घासून वर गेली आणि तो नर, ज्याचे कान कागदाच्या कपट्याला दचकतात, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग नळी गोल गोल फिरू लागली. बार झाला. पांढरी शेपटी एकदा उभी राहिली आणि खिंड मोकळी झाली.

ऑर्विल धापा टाकत आला. "किती पावलं?"

"बारा... मी चुकले वाटतं. नाही, माहीत नाही. ऑर्विल, त्याला लागलं असेल तर?"

"ते आता बघूच." त्याने आधी पावलं मोजली. "अकरा," तो म्हणाला, आणि पुन्हा मोजली. मग गुडघ्यांवर बसून ठसे तपासले. केस नाही, रक्त नाही. तरी दोघं तासभर त्या मागावरून चालले, कारण जखमी जनावर टाकून कुणी परत येत नसतं. उड्या लांब, सरळ, एकसारख्या. परतताना ऑर्विलने बर्चच्या खोडातली गोळी शोधून काढली, नराच्या पाठीपेक्षा चांगली तीन फूट वर.

"स्वच्छ चुकलीस," तो म्हणाला. आवाजात इतका आनंद होता की तिला रडू आलं.

"अकरा पावलं, ऑर्विल. आणि मी..."

"चौपन्न वर्षांत मी सतराच्या आत गेलो नाही," तो म्हणाला. "सतरा!"

संध्याकाळी कॅम्पात त्याने ते अकरा पावलांचं चार वेळा सांगितलं. कात्री कुठेच निघाली नाही. लिनेट वाट बघत राहिली. शेवटी तीच उठली, कोट काढून खुंटीला लावला आणि पाठ वळवून उभी राहिली. "कापा."

मर्लने तिच्या शर्टाची कड दोन बोटांत धरली. तो गुळगुळीत, पळायच्या शर्यतीत मिळालेला नायलॉनचा शर्ट होता. त्याने ती कड स्टोव्हच्या उजेडात धरली आणि सोडून दिली. "भिंतीवर लोकरच लागते, पोरी. ही तर चिंधी. जाऊ दे, पहिली वेळ आहे, आणि तू तशी पाहुणीच. बस, कॉफी देतो."

"हो, बस ना," ग्लेन म्हणाला. त्याला वाटलं आपण तिला वाचवतोय.

लिनेट बसली. मर्लने कॉफी ओतली, तिने कप हातात घेतला, पण प्यायली नाही. नेम चुकल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. हे लागलं.

श्विप, असा आवाज झाला. ऑर्विल उठला होता. त्याने खिशाची चिकटपट्टी फाडून गिरणीतली कात्री बाहेर काढली, लांब पात्यांची, कापड कापायची. ती त्याने सकाळपासून खिशात बाळगलेली असणार. खुंटीवरचा कोट काढून टेबलावर पालथा घातला. चाळीस वर्षांत त्या कोटाचं बटणसुद्धा त्याने दुसऱ्याला शिवू दिलं नव्हतं. मागच्या बाजूने, खालच्या कडेपासून, ऑर्विलने हातभर लांब आणि चार बोटं रुंद पट्टी कापली. कात्री जड चालली.

मग तो वाकून कापलेली कड बघू लागला. नखाने खरवडली, ओढली. एक धागा सुटला नाही.

"बघ मर्ल," तो म्हणाला. "उसवत नाही. कापली तरी उसवत नाही."

त्याने आपल्या सात शेपट्यांच्या शेजारी पट्टी धरली, मर्लकडून हातोडी मागून घेतली आणि ठोकली. खाली पेन्सिलीने साल घातलं, आणि नाव. लिनेट टॅट्रो. स्पष्ट, मोठ्या अक्षरांत. मर्लने तिच्या हातातला कॉफीचा कप काढून घेतला, त्यात बाटलीतली व्हिस्की ओतली आणि परत दिला.

ऑर्विलने कोट झटकला आणि तिच्या खांद्यांवर घातला. मागून आखूड झाला होता, पण तेवढं चालतं.

"आता मात्र धुवू नकोस," तो म्हणाला.